वैनगंगेचे झिंगे आणि फ्रिजमधली बाटली

बालाघाटहून समुद्र गाठायचा म्हटलं तर पश्चिमेला मुंबई आणि पूर्वेला विशाखापट्टणम. कुठेही निघा, एक अख्खा दिवस प्रवासात जातो. आमच्या जिल्ह्याची ओळख म्हणजे भरवेलीचं मँगनीज, मलाजखंडचं तांबं, कान्हाचे वाघ आणि 2021 साली जीआय मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ. ‘सी-फूड’ हा शब्द इथे लग्नाच्या मेनूकार्डवरही सापडायचा नाही.

आणि माझी बायको देवगडची. खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या घरात वाढलेली. पुण्यात आम्ही दोघंही एकाच कंपनीत होतो. 2021 मध्ये घरून काम सुरू झालं, आईबाबांचं वयही झालं होतं, म्हणून बालाघाटला परत आलो. इंटरनेट नीट चालतं, लेकीची शाळा जवळ आहे, घराला अंगण आहे. बायकोने कधी तक्रार केली नाही. पण दर मे महिन्यात माहेरून आगळाची बाटली आणि सोड्याची पुरचुंडी आली की ती पहिल्यांदा वास घेते आणि मग डब्यात भरते. तो एक क्षण मला कळतो.

म्हणून यंदा लग्नाच्या वाढदिवसाला बाहेर न जाता घरीच माशांचं जेवण करायचं ठरवलं. स्वयंपाक मी करणार. आणि सोबत वाइन. पुण्यात असताना आम्ही दोघं महिन्या-दोन महिन्यांतून एखादी बाटली आणायचो. बालाघाटला आल्यापासून चार वर्षांत एकदाही नाही. याचं कारण दुकान नाही, हे नव्हे. कारण घरात होतं, त्याकडे पुढे येतो.

समुद्राचं थोडं, नदीचं बरंच

आधी माशांचं. बालाघाटच्या बाजारात समुद्राचा मासा बर्फातून येतो, तोही रोज नाही. सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये कोळंबीचं पाकीट मिळतं, पण ती बहुतेक वेळा आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेली ‘व्हॅनामेई’ असते. हिचं मूळ प्रशांत महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचं. भारतात तिच्या शेतीला 2009 मध्ये परवानगी मिळाली. चवीला वाईट नाही, पण देवगडच्या मुलीला ती वाढून ‘घे, तुझ्या गावची कोळंबी’ असं म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

त्यापेक्षा आपल्या वैनगंगेचे झिंगे बरे. सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावलेली ही नदी बालाघाटवरून जाते, पुढे भंडारा, पवनी, मग गडचिरोलीकडे. तिथे वर्धेला भेटून ती प्राणहिता होते, प्राणहिता कालेश्वरमला गोदावरीत मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमच्या घाटावरचं पाणी शेवटी समुद्रालाच जातं, फक्त रस्ता लांबचा.

वाचताना एक गोष्ट मला फार आवडली. गोदावरी खोऱ्यात एक मोठा झिंगा मिळतो, शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनाय. हा राहतो गोड्या पाण्यात, पण याच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस वाढायला खाडीचं मचूळ पाणी लागतं. थोडी मोठी झाली की ती प्रवाहाच्या उलट्या दिशेने नदी चढू लागतात. नदीचं माहेर समुद्रात असलेला हा प्राणी! आता त्या वाटेवर अडथळे बरेच आहेत. राजमहेंद्रीजवळचा धवळेश्वरमचा बंधारा 1852 चा, आणि आपल्या बाजूला पवनीजवळचं गोसेखुर्द धरण. आमच्या बाजारातली एक ढीमरीण मावशी झिंगे तोलताना म्हणाली, ‘‘भाऊ, पहिले वीतभर झिंगा यायचा. आता हे बोटभर. घ्या, ताजे हायेत पण.’’ तिच्या टोपलीतले नेमक्या कोणत्या जातीचे होते हे मी सांगू शकत नाही. पूर्ण आयुष्य गोड्या पाण्यात काढणाऱ्या जातीही असतात. पण तिच्या ‘पहिले’ या शब्दामागे धरणाची भिंत आहे, एवढं मला कळलं.

किलोभर घेतले. नदीच्या झिंग्याचं डोकं मोठं असतं, साफ केल्यावर निम्माच माल हातात येतो, हा हिशेब धरूनच घ्यावे.

घरात विचारणं

आता बाटलीचं.

माझे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दारूने गेले. सेहेचाळीसाव्या वर्षी, यकृताच्या दुखण्याने. मी तेव्हा नववीत होतो. घरात कोणी याबद्दल मोठ्याने बोलत नाही, पण आठवण सगळ्यांना आहे. काका माणूस म्हणून गोड होते. मला सायकल त्यांनीच शिकवली. पण ते कधी कोणासमोर प्यायले नाहीत. बाटली धानाच्या कोठीत असायची, कधी जुन्या ट्रंकेत, कधी स्कूटरच्या डिक्कीत. आजी शोधायची, ओतून टाकायची, नवी यायची. आई या घरची थोरली सून. रात्री उशिरा आलेल्या दिराला दार उघडणं, ताट वाढून देणं आणि सकाळी ‘काही झालं नाही’ असा चेहरा करून चहा ठेवणं, हे तिने बारा वर्षं केलं.

अशा घरात वाइनची बाटली आणायची म्हणजे नुसती खरेदी नव्हे. बायको म्हणाली, ‘‘राहू दे. सोलकढी करू. मला तेवढंच पुरेसं आहे.’’ तिचं म्हणणं खरं होतं. पण मला वाटलं, पुण्यात आपण जे मोकळेपणाने करत होतो ते इथे लपवायचं किंवा सोडायचं, एवढे दोनच मार्ग का असावेत? विचारून तर पाहू.

आई ओसरीत तांदूळ निवडत होती. मी सरळ म्हणालो, ‘‘आई, शनिवारी आमच्या वाढदिवसाला जेवणासोबत वाइन आणावी म्हणतो. एक बाटली. आम्ही दोघंच घेऊ, एक-एक ग्लास. तुला चालणार नसेल तर नाही आणणार.’’

ती काही बोलली नाही. खडे निवडत राहिली. मीही जास्त बोललो नाही. दोन दिवस गेले. गुरुवारी सकाळी मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, तर दारात उभी राहून म्हणाली, ‘‘आणायची तं उघड आण. कपाटात नाही, कोठीत नाही, गाडीच्या डिक्कीत नाही. फ्रिजात समोर ठेव. किती होती, किती उरली, मले दिसलं पायजे.’’

मी हो म्हणालो.

‘‘अन् लेकीले जूस-बीस सांगू नको. तिनं विचारलं तं दारूले दारूच म्हण.’’

जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता, तो वाद अनेकांना आठवत असेल. विरोध एवढा झाला की निर्णय अमलात आलाच नाही. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य त्या वेळी खूप गाजलं. दोन्ही बाजूंचे मोठमोठे लोक बोलले. पण आईने ओसरीच्या दारात उभं राहून जे सांगितलं त्यात मला दोन्ही बाजूंपेक्षा जास्त शहाणपण दिसलं. ती ‘आणू नको’ म्हणाली नाही, आणि ‘हे वेगळं असतं’ हे समाधानही तिने मला करून घेऊ दिलं नाही.

आणि हिशेब तिच्याच बाजूने आहे. वाइनमध्ये साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल असतं. 150 मिलीच्या एका ग्लासात जवळपास 15 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. 60 मिली व्हिस्कीच्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम. फरक आहे, पण रस आणि दारू यांच्यातला फरक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच म्हटलं आहे की दारूचं पूर्णपणे सुरक्षित असं प्रमाण नाही. ‘रोज एक ग्लास वाइन हृदयाला चांगली’ हे व्हॉट्सॲपवरचं वाक्य म्हणूनच मी कोणाला पुढे पाठवत नाही. जे यकृताच्या, मधुमेहाच्या किंवा इतर आजारांच्या औषधांवर आहेत, जी बाई गरोदर आहे, आणि ज्याला एकावर थांबता येत नाही, त्यांनी या लेखातला झिंग्यांचा भाग घ्यावा आणि बाकी सोडून द्यावं.

दुकानात

मध्य प्रदेशात 1 एप्रिल 2023 पासून दारूच्या दुकानांशेजारचे अहाते बंद झाले. आमच्या दुकानाशेजारीही पूर्वी होता. तिथलं बसणं आता रस्त्याकडेच्या गाड्यांत गेलं आहे, हे संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या कोणालाही दिसतं. आपल्याकडे पिणं बहुतेक असंच असतं, उभ्याने, घाईत, चण्यांच्या पुडीसोबत, आणि घरी जाण्याआधी बडीशेप चावून. उलट बैहरकडच्या गोंड आणि बैगा घरांत मोहाची दारू पूजेत असते, लग्नात असते, म्हाताऱ्यांसमोर असते. त्यांच्यातही व्यसनाने घरं मोडतात, त्याचं कौतुक करायचं नाही. पण लपवालपवी ही आपल्या मध्यमवर्गाची खास सोय आहे, हे मान्य करायला हवं.

दुकानदार म्हणाला, ‘‘सर, वाइन तो यहाँ कम चलती है.’’ सहा-सात बाटल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच गोड लाल. ज्या दुकानात वाइन कमी खपते तिथे दोन गोष्टी बघाव्यात. एक, लेबलवरचं साल. माशांसोबतची पांढरी वाइन एक-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते, ती जुनी होऊन मुरत नाही. दोन, बाटली उन्हात किंवा गरम दिव्याखाली तर उभी नाही ना. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44 च्या आसपास जातो, आणि उष्णतेने वाइनची चव मरते. मला मागच्या वर्षाची नाशिकची सोव्हिन्यों ब्लां मिळाली. फिरकीच्या झाकणाची होती, म्हणजे बूच काढायचं यंत्र नको. नाशिकला फिरायला गेलात तरी तिथून बाटल्या गाडीत घालून राज्याची हद्द ओलांडू नका. दोन राज्यांचे अबकारी नियम वेगळे आहेत. जिथे राहता तिथल्या परवान्याच्या दुकानातूनच घ्या.

नाशिकच्या या वाइनमागची गोष्ट आमच्या पिढीच्या इंजिनिअरांना जवळची वाटेल. महाराष्ट्रात वाइनचा पाया त्याआधीच नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात घातला होता. पुढे राजीव सामंत हे अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकून, ऑरेकलमधली नोकरी सोडून परत आले आणि गंगापूर धरणाजवळच्या जमिनीवर त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि मग नाशिकभोवती वायनरी उभ्या राहिल्या. युरोपात द्राक्षं सप्टेंबरच्या आसपास तोडतात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होते. सगळं उलटं, पण चाललं.

आंबटाचं गणित

कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन, यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. पण खरं सांगू का, जोडी लावणं हे काही बाहेरून आलेलं शास्त्र नाही. बांगड्याबरोबर सोलकढी, झुणक्याबरोबर भाकरी-कांदा, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी, हे सगळं तेच आहे. तोंडात एक चव जड झाली की दुसरीने ती उचलायची.

माशाबरोबर आंबट का लागतं, याचं कारण मी शोधलं. समुद्राच्या माशाला जो वास येतो तो मासा शिळा होऊ लागल्यावर तयार होणाऱ्या अमाइन नावाच्या द्रव्यांचा. आंबट पदार्थ त्या द्रव्यांना बांधून ठेवतो, मग ती हवेत उडून नाकापर्यंत येत नाहीत. गोड्या पाण्याच्या माशाचा प्रश्न वेगळा. त्याला चिखलासारखा वास येतो, तो जिओस्मिन या द्रव्याचा. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यातही हेच द्रव्य असतं. आंबटाने तेही कमी होतं. म्हणजे देवगडची आई कोकम घालते आणि बालाघाटची आई चिंच घालते, दोघींचे वास वेगळे आणि उपाय एकच. पांढऱ्या वाइनमधला आंबटपणा त्याच कामाला येतो, पिळलेल्या लिंबासारखा.

लाल वाइन माशाबरोबर का नको, याचंही उत्तर आहे. 2009 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी बऱ्याच वाइन सुकवलेल्या शिंपल्यांच्या मांसाबरोबर चाखून पाहिल्या. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्याबरोबर तोंडात हिवस वास जास्त रेंगाळत होता. लाल वाइनमध्ये लोह जास्त असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून तो जुना नियम.

राहिलं तिखट. तोंडात उष्णता ओळखणारी जी यंत्रणा मिरचीला दाद देते, तीच अल्कोहोललाही देते. त्यामुळे झणझणीत रश्श्यावर वाइनचा घोट म्हणजे आगीत तेल. रश्श्याला नारळाचं दूध किंवा ताकच हवं, कारण मिरचीचा जाळ स्निग्धात विरघळतो, पाण्यात नाही.

एवढं कळल्यावर मेनू आपोआप ठरला. अर्धे झिंगे वाइनसाठी, तिखट जवळपास नाहीच असे. अर्धे आईबाबांसाठी, त्यांच्या सवयीच्या लाल रश्श्यात. भात चिन्नोरचा. सोलकढी सगळ्यांना.

स्वयंपाक

साफ केलेल्या झिंग्यांची पाठ चिरून काळा धागा काढायचा. हळद, मीठ, अर्धं लिंबू लावून दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं आणि कापडाने कोरडं करायचं. हे कोरडं करणं कोणी करत नाही आणि तिथेच चव जाते. ओला झिंगा तव्यावर भाजला जात नाही, उकडला जातो.

लसूण-लोण्यातले झिंगे: पाव किलो साफ झिंग्यांना दोन चमचे लोणी, एक चमचा तेल, बारा पाकळ्या लसूण जाडसर चिरून, अर्धा चमचा भरड मिरी, मीठ, पाव लिंबू, मूठभर कोथिंबीर. पसरट तवा चांगला तापवून तेल घाला, झिंगे एका थरात पसरवा. दीड मिनिट हात लावू नका. उलटा, आणखी मिनिटभर. अर्धचंद्रासारखे वळले की झाले. पूर्ण गोल वळले की रबर. ताटलीत काढा. त्याच तव्यात मंद आचेवर लोणी आणि लसूण, लसूण पिवळसर होऊ द्या, लाल नाही. झिंगे परत टाका, मिरी, लिंबू, कोथिंबीर, गॅस बंद. सगळं मिळून सात मिनिटं. म्हणून सगळे पाटावर बसल्यावरच तवा ठेवायचा.

लाल रस्सा आईच्या पद्धतीचा: कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटण, लाल तिखट, धणे, चिंचेचा कोळ. रस्सा नीट उकळू द्यायचा आणि झिंगे अगदी शेवटी, चार मिनिटांसाठी. आई शेजारी उभी होती. ‘‘चिंच कमी हाय,’’ एवढंच म्हणाली. थोडी वाढवली.

चिन्नोर वीस मिनिटं भिजवून, दुपटीपेक्षा थोडं कमी पाणी. वास शेजारच्या घरापर्यंत जातो. सोलकढी बायकोने केली, तिथे माझा हात चालत नाही. माहेरचं आगळ, नारळाचं दाट दूध, ठेचलेली लसूण, मिरची, मीठ.

वाइन सकाळपासून फ्रिजमध्ये होती, दुधाच्या पातेल्याशेजारी, पुढच्या रांगेत. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवली. फार गार असली की चवच लागत नाही. आठ-दहा अंश पुरे.

ताटावर

बाबांनी आधीच सांगितलं होतं, ‘‘मला ताक द्या, मी माझा बरा.’’ लेकीने अपेक्षेप्रमाणे विचारलं, ‘‘बाबा, हे काय आहे?’’

‘‘दारू आहे. द्राक्षांची करतात.’’

‘‘मला?’’

‘‘मोठ्यांची असते. तीही थोडीच. जास्त घेतली की माणूस आजारी पडतो.’’

‘‘मग तू का घेतोस?’’

याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणालो, ‘‘झिंग्यांबरोबर चव छान लागते म्हणून. आणि एकच ग्लास.’’ तिने सोलकढीचा गुलाबी ग्लास उचलला, ‘‘माझी जास्त छान दिसते,’’ म्हणाली आणि विषय संपला. आई पूर्ण वेळ ऐकत होती, बोलली नाही.

लसूण-लोण्यातला झिंगा आणि वर सोव्हिन्यों ब्लांचा घोट. पेरूसारखा, ओल्या गवतासारखा वास आणि जिभेच्या कडांना आंबट. लोण्याचा जडपणा पुसला जातो आणि झिंग्याचा स्वतःचा गोडवा पुढे येतो. बायको म्हणाली, ‘‘हे समुद्राचं नाही. पण समुद्राकडे जातंय.’’ मी तिला खाडीतल्या पिल्लांची गोष्ट तेव्हा सांगितली. ती थोडा वेळ हातातल्या झिंग्याकडे बघत राहिली. ‘‘म्हणजे उलट्या वाटेने वर आलेला,’’ म्हणाली. पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

मग कुतूहल म्हणून रश्श्याबरोबर घोट घेतला. अपेक्षेप्रमाणे जीभ पेटली. रश्श्याची जोडी सोलकढीच, यात वादच नाही. आणि चिन्नोरवर रस्सा ओतल्यावर तर आईच्या हाताला कुठल्याच बाटलीची गरज उरली नाही. बाबांनी मात्र लसणाचे झिंगे तीनदा मागून घेतले.

आम्ही दोघांनी एक-एक ग्लास घेतला. झाकण लावून बाटली फ्रिजमध्ये, होती तिथेच.

रेघ

रविवारी सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला. बाटलीच्या लेबलवर निळ्या बॉलपेनने एक आडवी रेघ होती. बरोबर जिथपर्यंत वाइन होती तिथे.

पहिल्यांदा राग आला, हे खोटं सांगणार नाही. छत्तीस वर्षांचा माणूस, घराचे हप्ते भरणारा, आणि त्याच्या बाटलीवर रेघ! बायकोला दाखवली. ती म्हणाली, ‘‘त्यांनी सांगितलंच होतं ना, मला दिसलं पाहिजे म्हणून.’’

दिवसभर ते डोक्यात राहिलं. आईने आयुष्यात ज्या बाटल्या पाहिल्या त्या सगळ्या लपवलेल्या. त्यांच्यावर रेघ ओढायची संधी तिला कधी मिळालीच नाही. सापडेपर्यंत त्या रिकाम्या असायच्या. ही पहिली बाटली जी तिच्या दुधाच्या पातेल्याशेजारी उभी होती आणि जिच्याकडे ती सरळ बघू शकत होती. ती रेघ माझ्यासाठी कमी आणि काकांसाठी जास्त होती, असं मला वाटतं. तिला तसं विचारण्याचं धाडस झालं नाही.

रात्री उरलेल्या झिंग्यांचा पुलाव होता. आम्ही परत एक-एक ग्लास घेतला. उघडलेली पांढरी वाइन तीन-चार दिवसांत संपवावी लागते, नाहीतर सपक होते. मग मी तेच निळं पेन घेतलं, खाली दुसरी रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. आई ओट्यापाशी होती. तिने पाहिलं. ‘‘तारीख बरी घातली,’’ म्हणाली आणि विरजण लावू लागली.

मंगळवारी बाटली संपली. आईने ती स्वतः धुतली आणि भंगारवाल्याच्या पोत्यात सगळ्यात वर ठेवली, वर्तमानपत्रात न गुंडाळता. आमच्या गल्लीत हे किती मोठं आहे ते बालाघाटकर वाचकांना सांगायला नको.

आपल्या मंडळातल्या माझ्या वयाच्या अनेकांच्या घरी हा प्रश्न असणार. दिवाळीत आईबाबा राहायला आले की बाटल्या माळ्यावर जातात, मित्रांचे फोटो ग्रुपवर टाकताना ग्लास कापले जातात. प्रत्येक घराचा इतिहास वेगळा. काही घरांत ‘नाही’ हेच उत्तर योग्य असतं, आणि आई ‘नाही’ म्हणाली असती तर मी सोलकढीवर आनंदाने जेवलो असतो. आमच्याकडे सध्या ठरलंय ते असं: दोन-तीन महिन्यांतून एक बाटली, जेवणासोबतच, आणि पेन फ्रिजवरच्या डब्यात.

पुढच्या महिन्यात देवगडहून सासूबाई येणार आहेत. बाबांनी परवा सहज विचारलं, ‘‘त्या आल्या की ते पांढरे झिंगे करशील ना? त्यांना म्हणावं, आमच्या नदीचे आहेत.’’